लाय डिटेक्टर नेमकं काय पकडतं? खोटं तर नाही

माझा मामेभाऊ अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला होता. तीनेक वर्षांपूर्वी तिथे पितळेचे रॉड कमी भरायला लागले, म्हणजे कॉम्प्युटरवर स्टॉक दाखवतोय तेवढे रॅकवर नाहीत, असं दोन महिने चाललं आणि मग मॅनेजमेंटने बाहेरून एक एजन्सी बोलावली. एक लॅपटॉप, छातीला आणि पोटाला बांधायचे पट्टे, बोटांना लावायच्या क्लिपा, दंडाला बीपीचा पट्टा. स्टोअरच्या अकरा जणांना एकेक करून केबिनमध्ये बसवलं आणि संध्याकाळी सांगितलं की दोघं 'फेल' आहेत, त्यातला एक आमचा हा. पोलीस कंप्लेंट झाली नाही, पगारही अडवला नाही, पण त्याला स्टोअरमधून काढून लोडिंगला टाकलं आणि कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसेना. चार महिन्यांनी ऑडिटमध्ये निघालं की एका व्हेंडरची काही चलनं दोनदा इनवर्ड झाली होती, एकदाच आलेला माल दोनदा आल्याची नोंद. म्हणजे ते रॉड कंपनीत आलेच नव्हते, चोरणार कोण आणि काय. तोपर्यंत त्याने नोकरी सोडली होती.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. आणि आता हे लिहायला बसले कारण २०२७ चा सिंहस्थ आलाय, जिकडे तिकडे बंदोबस्ताच्या गप्पा चालू आहेत, कॅमेरे किती, एआय काय करणार, आणि प्रत्येक गप्पांमध्ये कोणीतरी म्हणतंच की असं काहीतरी मशीन पाहिजे की माणूस समोर आला की कळलं पाहिजे याच्या मनात काय आहे. काळजी खरी आहे, २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली ते आपण नाशिककर विसरलेलो नाही. पण असं मशीन आहे का हो? जे आहेत ते काय मोजतात आणि त्यावर किती विसंबायचं, ते नीट समजून घेऊया.

आधी पॉलीग्राफ, ज्याला आपण सगळे लाय डिटेक्टर म्हणतो. त्यात खोटं मोजणारं काहीही नसतं. छातीचे-पोटाचे पट्टे श्वास मोजतात, दंडाचा पट्टा बीपी आणि नाडी, आणि बोटांच्या क्लिपा मोजतात घाम, म्हणजे घाम आला की कातडीतून वीज जरा सहज वाहते ते. झालं, एवढंच मशीन. १९२१ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सनने हे सगळं एकत्र जोडलं, आणि गंमत नाही खरंच सांगते, तोच लार्सन पुढे या मशीनचा वापर कसा होतोय ते बघून त्याच्या विरोधात बोलायला लागला. आता विचार करा, श्वास, बीपी, घाम हे कशाकशाने बदलतं? खोटं बोलताना बदलू शकतं. पण भीतीने बदलतं, रागाने बदलतं, अपमान वाटला की बदलतं, 'आता माझी नोकरी जाते' असं वाटलं की बदलतं, बायको सात महिन्यांची गरोदर आहे हे आठवलं तरी बदलतं. खोटं बोलतानाच होईल आणि दुसऱ्या कशानेही होणार नाही अशी शरीराची एकही खूण आजवर कोणाला सापडलेली नाही. या विषयातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, बाकीचं सगळं तिथूनच निघतं.

मशीनवाल्यांनाही हे माहिती असतं, म्हणून ते प्रश्नांची एक पद्धत वापरतात. दोन प्रकारचे प्रश्न. एक मुद्द्याचा, 'तू रॉड चोरलेस का?' आणि दुसरा तुलनेचा, मोघम, असा की खरं उत्तर देताना बहुतेक कोणीही अवघडेल, 'आजवर विश्वास टाकलेल्या माणसाला कधी फसवलंयस का?' हिशेब असा की ज्याने चोरी केली तो मुद्द्याच्या प्रश्नाला जास्त घाबरेल, आणि ज्याने केली नाही त्याला चोरीच्या प्रश्नाचं काही वाटणार नाही पण त्या मोघम प्रश्नाला तो जास्त चाचरेल. कागदावर बरं वाटतं. पण माझ्या भावाच्या जागी बसून बघा. त्याला माहिती आहे ना की कुठल्या प्रश्नावर त्याची नोकरी टांगलेली आहे! 'कधी कोणाला फसवलंस का' ला तो कशाला घाबरेल, त्याचा जीव 'रॉड चोरलेस का' ला वर येणार. म्हणजे जो माणूस प्रामाणिक आहे आणि आपल्यावर आळ येईल म्हणून खरोखर धास्तावलाय, तोच या पद्धतीत अडकायची शक्यता जास्त. उलट ज्याला सवय आहे, ज्याला कशाचं काही वाटत नाही, तो सुटतो. आणि जो वाचून आलाय तो तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी बुटात पायाचं बोट दाबतो, जीभ चावतो, मनातल्या मनात शंभरातून सात-सात वजा करत बसतो, त्यामुळे नको तिथे आलेख उंच जातो आणि सगळी तुलनाच बिघडते.

यावर कोणी म्हणेल की अहो पण ते लोक तर ९५ टक्के अचूक म्हणतात. हा आकडा कसा येतो ते समजून घेण्यासारखं आहे, मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला.

पोलिसांनी एखाद्याची टेस्ट घेतली, तो फेल झाला, मग त्याची कसून चौकशी झाली आणि त्याने कबूल केलं. मशीन बरोबर ठरलं, नोंद झाली. दुसरा फेल झाला पण कबूल करत नाही, कारण त्याने केलेलंच नाही. त्याची नोंद काय होणार? खरं काय ते कळलं नाही म्हणून तो अभ्यासातूनच बाहेर. तिसऱ्याने गुन्हा केलाय पण तो पास झाला. त्याला सोडून दिलं, परत कोणी विचारलं नाही, त्याने कबूल केलं नाही, तोही बाहेर. म्हणजे जिथे मशीन चुकलं तेवढ्याच केसेस आपोआप गळून पडतात आणि जिथे बरोबर आलं त्या मोजणीत राहतात. हे म्हणजे दिंडोरीच्या बागायतदाराने फक्त एक्सपोर्टला पास झालेल्या द्राक्षाच्या पेट्या मोजायच्या, परत आलेल्या मोजायच्याच नाहीत, आणि सांगायचं की माझा शंभर टक्के माल एक्सपोर्ट क्वालिटी. ज्याचं खरं-खोटं मशीनच्या बाहेर, वेगळ्या मार्गाने पक्कं कळलेलं आहे अशाच केसेसवर मशीन तपासायला पाहिजे, आणि तशा केसेस फार कमी मिळतात.

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने नेमलेल्या समितीने २००३ च्या रिपोर्टमध्ये हा सगळा ढीग उपसला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, एखाद्या ठराविक घटनेबद्दल विचारलं तर पॉलीग्राफ नुसत्या अंदाजापेक्षा बऱ्यापैकी चांगला आहे, पण अचूकतेपासून खूप लांब आहे. म्हणजे मशीन एकदम टाकाऊ नाही. पण मग 'बऱ्यापैकी चांगलं' मशीन गर्दीवर लावलं तर काय होतं? सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं गणित इथेच आहे, आणि ते पाचवीतल्या पोरालाही येईल इतकं सोपं आहे.

समजा रामकुंडाकडे जाणारी एक लाख माणसं आहेत आणि त्यात खरोखर वाईट हेतूने आलेली दहा आहेत. आणि समजा आपल्याकडे फारच छान मशीन आहे, दहातले नऊ बदमाश पकडतं आणि दहातल्या नऊ सज्जनांना बरोबर सोडतं. इतकं चांगलं मशीन प्रत्यक्षात नाही, पण धरून चालू. दहा बदमाशांतले नऊ पकडले. वा. आता उरलेली ९९,९९० सज्जन माणसं, त्यातल्या दहा टक्क्यांवर मशीन चुकीने वाजणार, म्हणजे ९,९९९ माणसं. एकूण लाल दिवा लागला १०,००८ जणांना आणि त्यात खरे गुन्हेगार नऊ. हजार-अकराशे बायाबापड्या, म्हातारेकोतारे, वारकरी बाजूला काढून बसवायचे तेव्हा त्यात एक सापडणार, आणि दहावा बदमाश मशीनने 'सज्जन' म्हणून केव्हाच आत सोडलेला, त्याच्याकडे आता कोणाचं लक्षही नाही. इथे मशीन वाईट आहे म्हणून हे होत नाही, शोधायची माणसं मुळात फार थोडी आहेत म्हणून होतं. त्याच अमेरिकन समितीने असंच गणित मांडलं होतं, १०,००० कर्मचारी आणि त्यात १० हेर, त्यातले ८ सापडावेत असं मशीन लावलं तर जवळजवळ १,६०० निष्ठावान कर्मचारी त्यांच्याबरोबर फेल होतात. आणि एवढे निर्दोष अडकू नयेत म्हणून मशीन जरा ढिलं केलं तर बहुतेक हेर आरामात पास होतात. दोन्हीकडून एकाच वेळी सुटका नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत युनियनला माहिती विकत होता, आणि त्याच काळात १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलीग्राफ टेस्ट पास झाला. त्याला पलीकडून सल्ला काय मिळाला होता तर रात्री नीट झोप, शांत राहा, टेस्ट घेणाऱ्याशी गोडीत बोल. १९९४ मध्ये पकडला गेला, तोवर त्याच्यामुळे कितीतरी खबऱ्यांचा जीव गेला होता. गॅरी रिजवे, ज्याला पुढे ४९ खुनांत शिक्षा झाली, तो १९८४ मध्ये पॉलीग्राफ पास झाला होता आणि २००१ मध्ये डीएनएमुळे सापडला. त्याच खुनांच्या तपासात एक टॅक्सीवाला पॉलीग्राफमध्ये फेल झाला होता, पोलीस त्याच्यामागे लागले, त्याचा या खुनांशी काही संबंध नव्हता. पास झालेल्यावरचा संशय कमी होतो, मला वाटतं हा धोका चुकीने अडकवण्याइतकाच मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मग पोलिसांना हे का आवडतं? कारण माणसं मशीनला घाबरून बोलतात. आणि हे आपल्याला नवीन नाही. मराठेशाहीत वतनाच्या, जमिनीच्या वादात दिव्य करायला लावायचे. रवा दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपात टाकलेला धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहोर करायची आणि दोन-तीन दिवसांनी उघडून हात बघायचा. जो मनातून खोटा असेल तो कढईपाशी जायच्या आधीच कच खाईल अशी त्यामागची आशा. घरात चोरी झाली की सगळ्यांना मंतरलेले कोरडे तांदूळ चावायला द्यायचे, थुंकल्यावर ज्याचे कोरडे निघतील तो चोर, हेही तसंच. भीतीने तोंडाला कोरड पडते हे अगदी खरं आहे. पण ज्या गरीब गड्यावर सगळ्यांचा आधीच डोळा आहे त्याच्या तोंडाला मालकाच्या खऱ्या चोर पुतण्यापेक्षा जास्त कोरड पडेल, हेही तितकंच खरं आहे.

आवाजावरून खोटं पकडायची मशीनं निघाली आहेत त्यांच्यावर अमेरिकेत २००७ मध्ये एक फार चांगला अभ्यास झाला. जेलमध्ये नुकत्याच आणलेल्या लोकांना विचारलं, हल्ली ड्रग्ज घेतलेत का, आणि नंतर लघवी तपासली. म्हणजे खरं काय ते मशीनच्या बाहेर पक्कं कळलं, मघाशी म्हटलं ना तसं. खोटं बोलणाऱ्यांपैकी मशीनने जेमतेम १५ टक्के पकडले. पण एक गोष्ट वेगळीच निघाली, आपल्यावर मशीन लावलंय हे माहिती असताना सुमारे १४ टक्के लोक खोटं बोलले आणि आधीच्या तशाच अभ्यासांत, मशीन नसताना, हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. बिनकामाचं मशीनही लोकांना खरं बोलायला लावतं! इथवर वाचून कोणालाही वाटेल की मग वाईट काय आहे. वाईट हे आहे की भीती फक्त खरं बाहेर काढत नाही. १९९६ मध्ये कॅसिन आणि कीचेल यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, कीबोर्डवर टायपिंग चालू असताना कॉम्प्युटर बंद पाडला आणि मुलावर आळ घेतला की सांगितलं होतं त्या बटणाला हात लावू नको, तूच लावलास. कोणीही लावला नव्हता. तरी ६९ टक्के मुलांनी कबुलीवर सही केली. ही शिकलेली मुलं, पोलीस स्टेशनात नव्हती, अंगावर कोणी हात टाकला नव्हता. आता रात्री दोन वाजता ज्याला 'मशीन सांगतंय तू खोटं बोलतोयस' असं सांगितलं जातं त्या माणसाचा विचार करा.

नार्कोकडे येते, कारण त्याचं नाशिकशी नातं आहे. तेलगीचा स्टॅम्प घोटाळा आठवतो ना, नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसची जुनी मशिनरी मिळवून त्याने बनावट स्टॅम्प छापायचा उद्योग उभा केला होता. त्या तेलगीची बंगळूरमध्ये नार्को झाली आणि ती टेप पुढे टीव्हीवर दाखवली. गुंगीत त्याने जी नावं घेतली त्यावर घराघरात चर्चा झाली, मी तेव्हा शाळेत होते, आमच्या घरीही झाली. आणि सगळे असंच धरून चालले होते की गुंगीत आहे म्हणजे खरंच बोलतोय. पण नार्को म्हणजे काय, सोडियम पेंटोथाल, ऑपरेशनच्या आधी भूल द्यायला वापरतात ते औषध, थोड्या प्रमाणात. त्याने माणसाचा संकोच जातो, बडबड वाढते. संकोच जाणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं. दारू प्यायलेला माणूस जास्त बोलतो, खरं बोलतोच असं कोणी म्हणेल का? या गुंगीत माणूस खोटं बोलू शकतो, ऐकीव आणि स्वतःचं यांची सरमिसळ करतो, आणि सगळ्यात घातक म्हणजे विचारणाऱ्याने प्रश्नातच जे घातलं ते उचलतो. 'तिथे अमुक होता ना?' 'हो होता.' बाकी डोस जास्त झाला तर श्वास थांबायचा धोका असतो म्हणून भूलतज्ज्ञ लागतोच.

तिसरं मशीन आपल्याच देशात बनलेलं, बीईओएस (ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर), ज्याला लोक सरसकट ब्रेन मॅपिंग म्हणतात. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालतात आणि माणसाने गप्प बसून फक्त ऐकायचं, समोरून वाक्यं वाचली जातात, 'मी आर्सेनिक विकत घेतलं', 'मी त्याला भेटायला गेले'. मेंदूच्या लहरींवरून सॉफ्टवेअर ठरवतं की ही गोष्ट त्या व्यक्तीने स्वतः अनुभवलेली आहे की नुसती ऐकलेली. २००८ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात एका एमबीएच्या विद्यार्थिनीला खुनाच्या केसमध्ये जन्मठेप झाली, प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता, आणि निकालात या टेस्टचा आधार घेतला गेला, जगभरच्या पेपरांत बातमी झाली. पुढे हायकोर्टाने तिला जामीन दिला. २००८ मध्येच निमहान्सच्या, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या, संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं की ही पद्धत शास्त्रीय कसोटीवर उतरत नाही, तपासात वापरू नये. मला यात सगळ्यात खटकतं ते हे की ज्या मुलीने स्वतःच्या केसची आरोपपत्रातली प्रत्येक ओळ महिनोन्‌महिने वाचलीय, वकिलांशी बोललीय, रात्र रात्र डोळ्यासमोर आणलीय, तिच्या डोक्यात त्या वाक्यांनी काहीच हलणार नाही अशी अपेक्षा कशी धरायची.

कायदा मात्र आपल्याकडे बऱ्यापैकी स्पष्ट आहे आणि तो प्रत्येकाला माहिती पाहिजे. तेलगी प्रकरणात मुंबई हायकोर्टाने २००४ मध्ये या टेस्टना हिरवा कंदील दिला होता, पण ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात सांगितलं की पॉलीग्राफ, नार्को, ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही, घटनेच्या कलम २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) आणि २१ (जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) च्या विरोधात जातं. संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, आधी वकील भेटला पाहिजे, टेस्टचा अर्थ आणि परिणाम समजावून सांगितले पाहिजेत. आणि संमती दिली तरी टेस्टमधलं बोलणं हा पुरावा होत नाही, त्यातून पुढे काही वस्तू, हत्यार वगैरे सापडलं तर त्याचा विचार होऊ शकतो. जून २०२५ मध्येही सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका केसमध्ये हेच परत ठासून सांगितलं, तिथे जामिनाच्या सुनावणीत सगळ्या आरोपींच्या नार्कोची पोलिसांची तयारी हायकोर्टाने मान्य केली होती, ती रद्द झाली. पण कोर्टात चालत नाही म्हणून कँटीनमध्ये चालत नाही असं नसतं ना, माझ्या भावाला कोणत्याही कोर्टाने दोषी म्हटलं नव्हतं. अमेरिकेत १९८८ पासून बहुतेक खासगी कंपन्यांना कामगारांची पॉलीग्राफ घ्यायला कायद्यानेच बंदी आहे.

मशीन नको तर अनुभवी माणसाची नजर? तिचीही परीक्षा झालीय. बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र केले, २४,००० हून जास्त लोकांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केलेला, सरासरी ५४ टक्के बरोबर. नाणं उडवलं तर ५०. आणि जगभर लोकांना पक्की खात्री असते की खोटं बोलणारा नजर चुकवतो. आता आपल्याकडे बघा, सासऱ्यांसमोर सून, साहेबांसमोर शिपाई, पोलिसांसमोर सुरगाण्या-पेठकडून आलेला आदिवासी पोरगा, ही माणसं खाली बघून बोलतात ती आदराने किंवा बुजून. अमेरिकेच्या विमानतळांवर २००७ पासून हावभाव बघून संशयित ओळखणारी माणसं नेमली होती, २०१३ पर्यंत सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले, आणि तिथल्या सरकारी ऑडिट खात्याने सांगितलं की हे चालतं असं दाखवणारा पुरावाच नाही, पैसे आवरा. युरोपातही सीमेवर आयबॉर्डरकंट्रोल नावाचा प्रयोग झाला, हंगेरी, ग्रीस, लाटव्हिया, स्क्रीनवर कार्टूनसारखा ऑफिसर प्रश्न विचारणार आणि वेबकॅम चेहऱ्याच्या हालचालींवरून खोटं शोधणार. एका पत्रकार बाईंनी तो स्वतःवर करून बघितला, १६ प्रश्नांची खरी उत्तरं दिली, त्यातली ४ मशीनने खोटी ठरवली. म्हणून आपल्याकडे उद्या कोणी 'एआयने हेतू ओळखतो' म्हणत आलं तर पहिला प्रश्न हा विचारायला हवा की खरं-खोटं बाहेरून पक्कं माहिती असलेल्या किती लोकांवर तपासलंत, आणि त्यात निर्दोष किती अडकले.

मग हातावर हात धरून बसायचं का, तर नाही. दोन गोष्टी खरंच बऱ्या चालतात. एक, मशीन तेच ठेवून प्रश्न बदलायचा. १९५९ मध्ये डेव्हिड लिक्केनने सुचवलं की 'तू केलंस का' विचारूच नका, ज्याने केलंय त्यालाच माहिती असेल असं काहीतरी विचारा. माल कशात भरून नेला, गोणीत, क्रेटमध्ये, दुधाच्या कॅनमध्ये, ताडपत्रीत की ट्रॅव्हल बॅगेत? ज्याला माहितीच नाही त्याला पाचही पर्याय सारखेच. असे सहा प्रश्न असतील तर काहीच माहिती नसलेल्या माणसाची प्रत्येक वेळी नेमक्या उत्तरावरच सगळ्यात मोठी उसळी यायची शक्यता १५,६२५ मध्ये एक. जपानचे पोलीस हीच पद्धत वापरतात. अडचण एकच, त्या गोष्टी बाहेर फुटता कामा नयेत, आणि आपल्याकडे सकाळी सापडलेल्या बॉडीचे फोटो दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात.

दुसरी गोष्ट तर मशीनशिवायची आहे. स्वीडनमध्ये २००६ च्या एका अभ्यासात पोलीस प्रशिक्षणार्थींना एवढंच शिकवलं की हातातला पुरावा पहिल्या झटक्यात दाखवू नका, आधी समोरच्याला त्याची गोष्ट पूर्ण सांगू द्या, मग पुराव्याशी जुळवा. ज्यांना शिकवलं त्यांनी ८५ टक्के वेळा बरोबर ओळखलं, ज्यांना नाही शिकवलं त्यांनी ५६ टक्के. आणि युरोपातल्या विमानतळांवर ऑर्मरॉड आणि डँडो यांनी खोटी ओळख घेऊन फिरणारे लोक खऱ्या प्रवाशांत सोडले, दर हजारात एक. हावभाव बघणाऱ्या सिक्युरिटीवाल्यांना त्यातले ५ टक्केही सापडले नाहीत. ज्यांना साध्या गप्पा मारत तपासता येतील असे प्रश्न विचारायला शिकवलं होतं त्यांना ६६ टक्के सापडले. तुम्ही अमुक कॉलेजात शिकलात म्हणता, मग तिथे जायला कुठली बस, जवळ खायला काय मिळतं. खरं बोलणाऱ्याला असं विचारलं की तो खुलतो, सांगतच बसतो. बनाव करणाऱ्याला दर प्रश्नाला नवीन वीट रचावी लागते.

आमच्या सोसायटीत एक रिटायर्ड हवालदार काका राहतात, त्यांना मी हा ६६ टक्क्यांचा आकडा सांगितला तर ते म्हणाले यात नवीन काय, २००३ च्या कुंभात मी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या एसटी स्टँडवर, ड्युटीला होतो. रात्री एक जण दोन चांगल्या बॅगा घेऊन बाकावर, म्हणे नंदुरबारहून आत्ताच उतरलो. काकांनी त्याच्या डोळ्यात वगैरे काही बघितलं नाही, शेजारी बसून चहा मागवला आणि विचारलं, गाडी जेवायला कुठे थांबवली होती हो ड्रायव्हरने? तिकीट किती पडलं? तो म्हणाला झोपलो होतो. मग बॅगेत काय काय आहे ते तरी सांगा, म्हणजे शोधायला सोपं जाईल, एक बाई मघापासून बॅग हरवली म्हणून चौकीत रडत बसलीय. तो उठून पळाला, बॅगा तिथेच. मी विचारलं आणि समजा तो खरंच झोपला असता तर? काका म्हणाले तर त्याने बॅगेत काय आहे ते सांगितलं असतं, मी बॅग उघडून बघितली असती, आणि चहा पिऊन तो घरी गेला असता.